पेंढ्यावरचा कोच

चांदीपच्या माझ्या मंडळींनो, आन माझ्यासारखं गाव सोडून गेलेल्यांनो,

आमचा टेंपो जूचंद्रला निघाला तेव्हा माझी पोरगी सोनी मागं गादीच्या वळकटीवर बसलेली. बाबा म्हनाले, "पोरीला पडू देऊ नको." मी म्हटलं, "मी हाय ना." तिथंच चुकलं.

माझी कबड्डी तुम्हाला म्हायतीच हाय. भात झोडून झालं की खळ्यात पेंढा पसरायचा, त्यावर खेळायचं. चौथीत शाळा सुटली, पन घरात कबड्डीत जिंकलेली एक ढाल हाय. ती पन मी राखीव गडी होतो तेव्हाची.

जूचंद्रला दिवसा रिक्षा चालवायचो, संध्याकाळी सोनीचा कोच. "पडताना हात टेकव, तोंड वाचतं." पेंढ्यावर माझं तोंड असंच वाचलं, बघून वाटत नाय ती गोष्ट वेगळी. इथलं मैदान कडक. तेरा वर्साची सोनी हात टेकवून पडली नि कोपर मोडलं. प्लास्टरमधला हात धरून म्हनाली, "पप्पा, मी नाय खेळनार आता."

हात बरा झाल्यावर शेजारनीनं तिला समजावून आम्हा दोघांना एका कबड्डीच्या क्लबात धाडलं. तिथल्या मॅडम रीतसर शिकलेल्या कोच. सोनीचं पडनं बघून त्यांनी विचारलं, "हात टेकवायला कोणी शिकवलं हिला?"

मी म्हटलं, "गावाला होता एक येडा."

सोनी म्हनाली, "मॅडम, हेच ते."

"मग उद्यापासून येड्यालापण घेऊन ये."

महिनाभर मॅडमनी चढाई शिकवलीच नाय. नुसतं पडायचं. हनुवटी छातीला, हात आत, खांद्यावरून लोळायचं. मला आठ वर्साच्या पोरींच्या लायनीत उभं केलं. मी लोळलो तो थांबलोच नाय, पान्याच्या पिंपाला जाऊन धडकलो. सोनी हसली. किती दिवसांनी!

पहिल्या मॅचला तिघींनी तिला खाली खेचलं. मी डोळे मिटले. उघडले तर पोरगी उभी, अंगावरची माती झटकत.

यंदा भात झोडायला गावाला आलो. आजोबांना दाखवायला सोनी अंगनात मुद्दाम धाडकन पडली. बाबा काठी घेऊन माझ्यावर धावले, "तुला काय सांगितलेलं?" तवर ती उठून त्यांच्या पुढ्यात.

मग मी खळ्यात पेंढा पसरला नि माझ्या जुन्या पद्धतीनं, हात टेकवून पडलो. कायबी झालं नाय. माझं घर आता एवढंच, चुकीचं पडलो तरी लागत नाय ती जागा. सोनीला मात्र तिथंपन मॅडमसारखंच पडायला सांगितलंय. तिला बाहेर खेळायचंय.