नऊ पत्रं आणि एक बसलेला घसा

मुलुंडची ती नऊ पत्रं आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त होऊन वर्ष उलटलं, रक्तदाबाची गोळी चालू आहे, बायको म्हणते आता तरी सोडा. नाही सुटत.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत सहायक निरीक्षकापर्यंत आलो. पुढची बढती मिळाली नाही. त्याचं कारण आधी सांगतो, कारण ते याच गोष्टीत येणार आहे. घाटकोपरला असताना मारहाणीच्या एका गुन्ह्यात चार साक्षीदारांचे जबाब माझ्या सहीने नोंदवले गेले. चौघंही खरं बोलत होते. पण आमच्या रायटर हवालदाराने ठाण्यातल्या नेहमीच्या साच्यात चारही जबाब शब्दाला शब्द सारखे उतरवले. साक्षीदार पढवलेले वाटतात, असं म्हणून न्यायालयाने आरोपीला सोडलं आणि माझ्यावर ताशेरे ओढले. ते माझ्या नावाला कायमचे चिकटले. खरं बोलणारी माणसं, पण एकसारखी लिहिली गेली म्हणून खोटी ठरली.

निवृत्तीला सहा महिने असताना एका सकाळी मुलुंडमधल्या एका सोसायटीचा सेक्रेटरी ठाण्यात आला. पांढरा शर्ट, हातात प्लॅस्टिकची फाइल. तळमजल्यावर पाळणाघर चालवणारी बाई मुलांना गुंगीचं औषध पाजून दुपारभर निजवते, अशी त्याची तक्रार. सोबत नऊ रहिवाशांची नऊ पत्रं, प्रत्येकावर खरीखुरी सही.

आम्ही लगेच गेलो. बाई साठीच्या आसपासची, मूळची मालवणकडची. नवरा गिरणीत होता, तो गेल्यावर तिने पाळणाघर काढलं. सगळी सोसायटी तिला मावशी म्हणे. तिचा घसा इतका बसला होता की जवळ जाऊन ऐकावं लागलं. फळीवर सर्दीच्या औषधाची बाटली सापडली. एका बाळाच्या आईने दिलीय, असं मावशी म्हणाली. त्या आईला फोन लावला, तर ती म्हणाली, "मला नक्की आठवत नाही." पोलिसांचा फोन आला की लोकांची आठवण अशीच जाते. पंचनामा करून बाटली तपासणीला पाठवली. तिचा अहवाल यायला काही आठवडे लागणार होते.

आमचे वरिष्ठ निरीक्षक थांबायला तयार नव्हते. "नऊ जण सांगतायत. लहान मुलांचा विषय आहे. उद्या चॅनलवाले दारात आले तर? उद्या संध्याकाळपर्यंत अटक दाखवा."

एकदा अटक झाली की त्या बाईच्या हातात पुन्हा कुणी मूल दिलं नसतं, मग निकाल काही लागो. त्या दिवशीच तिच्याकडच्या अकरापैकी सात मुलं पालकांनी घरी नेली होती.

आमच्या ठाण्यात एक तरुण उपनिरीक्षक मुलगी होती, हुशार. ती म्हणाली, "सर, मला आधी वाटलं ही एआयने लिहिली असतील. म्हणून तपासणाऱ्या साइटवर टाकली. नऊच्या नऊ माणसाने लिहिलेली, असं आलं."

"म्हणजे माणूस कोण आणि मशीन कोण, हे आता मशीन सांगणार?"

"चिडू नका ना, सर. वाचून तरी बघा. प्रत्येकाची धाटणी वेगळी आहे."

वेगळी होती, हे खरं. एका पत्रात म्हाताऱ्या माणसाची कुरकुर होती. एकात काळजीत पडलेल्या आईची अर्धी सोडलेली वाक्यं. एकाने तर 'लिहिण्यात मी कच्चा आहे, सांभाळून घ्या' असंही म्हटलं होतं. मी ती पत्रं तीनदा वाचली आणि तिसऱ्यांदा मला खुपलं. पस्तीस वर्षं ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर माणसं बघितली आहेत मी. माणूस तक्रार द्यायला आला की एका गोष्टीवर थांबत नाही. चोरीची सांगता सांगता तो भावाची सांगतो, पाण्याची सांगतो, वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याची सांगतो. स्वतःची चूक तेवढी गाळतो, आणि गाळलेली जागा दिसते. या नऊ पत्रांत पार्किंग नव्हतं, गळती नव्हती, कुणाचं कुणाशी वाकडं नव्हतं. मुंबईतल्या सोसायटीतले नऊ जण!

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊही जणांना जबाबासाठी बोलावलं. सहा आले. पहिले दुसऱ्या मजल्यावरचे, बँकेतून निवृत्त झालेले आजोबा.

"बोला, काय तक्रार आहे?"

"तक्रार? अहो, किती सांगू! बाथरूमची गळती दोन वर्षं आहे. माझ्या जागेवर तो तिसऱ्या मजल्यावरचा गाडी लावतो."

"पाळणाघराचं बोला."

"तेही आहेच. दुपारी दोनला जरा आडवं व्हावं, तर खाली पोरांचा धिंगाणा! चारपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. आणि त्यांच्यावर बाई ओरडते ते वेगळंच."

"दुपारी? रोज?"

"रविवार सोडून रोज!"

मी त्यांच्यासमोर त्यांचंच पत्र धरलं. त्यात लिहिलं होतं की दुपारी पाळणाघरात भीती वाटावी इतकी शांतता असते. आजोबांनी चष्मा पुसला. "हे मी म्हटलं? सेक्रेटरी म्हणाला, आवाजाविरुद्ध अर्ज आहे, सही करा. मोठं पत्र होतं हो. कोण वाचतो?"

सहाही जणांनी तेच सांगितलं. मुलं झोपत नाहीत, हीच त्यांची तक्रार होती. प्रत्येकाला मी त्याचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. प्रत्येकाने शेवटपर्यंत गप्प बसून ऐकलं, मधे एकानेही थांबवलं नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई तर ऐकून म्हणाल्या, "छान लिहिलंय हो. कोणी लिहिलंय?"

खाली त्यांची सही होती.

दुपारी सेक्रेटरीला समोर बसवलं. माझी आई घाटकोपरच्या बाजारात भाजी विकायची. घासाघीस मी तिच्या टोपलीशेजारी बसून शिकलो आणि चौकशीत जन्मभर वापरली.

"नऊपैकी किती पत्रं तुम्ही लिहिलीत?"

"मी? एकही नाही, साहेब."

"बरं. मग नऊच्या नऊ तुमच्या नावावर धरतो."

"अहो, असं कसं! दोघातिघांना मदत केली फक्त."

"आठ म्हणा आणि मोकळे व्हा."

"आठ नाही हो! फार तर चार."

"चार झाली. उरलेल्या पाच जणांनी काय सांगितलंय ते वाचू का?"

तो हळूच म्हणाला, "नऊ."

त्याच्या सुनेला त्याच इमारतीत प्ले-ग्रुप काढायचा होता आणि तळमजल्याची जागा हवी होती, एवढंच कारण. पत्रं त्याने एआयकडून लिहून घेतली. ती एकसारखी आली म्हणून दुसऱ्या एका साइटवर टाकली. तिचं काम एकच, मशीनचं लिखाण माणसाचं वाटेल असं करून देणं. "त्यात निवडता येतं, साहेब. वयस्कर, चिडलेला, काळजीत पडलेली आई. कुठे तपासा, सापडत नाही," असं तो सांगत होता, आणि सांगताना त्याच्या चेहऱ्यावर कौतुक होतं!

मी टेबलावर हात आपटला, चहा सांडला. माझे चार खरे साक्षीदार एकसारखे दिसले म्हणून मी आयुष्यभर भोगलं. आणि याचं खोटं नऊ तऱ्हांनी लिहिलं गेलं, म्हणून ते खरं ठरून एक बाई आत जाणार होती. ज्यांनी ती साइट बनवली त्यांना काय वाटतं, कुरकुर आणि काळजी म्हणजे वरून भुरभुरायची कोथिंबीर आहे? मी काय बोललो ते इथे छापता येणार नाही.

अटक टळली. खोटी माहिती दिल्याबद्दल सेक्रेटरीवर कारवाई झाली. बाटलीवाल्या आईला अचानक सगळं आठवलं. वरिष्ठ मला म्हणाले, "निभावलंत." बस, एवढंच.

शेवटी मावशीचा जबाब राहिला होता. मी तिला विचारलं, "पहिल्याच दिवशी काही बोलला का नाहीत?"

"बोललंय ना साहेबानू, पण कोणाक ऐकाक इला नाय. पोरांका औषध देवन निजवूचा असता, तर माझो घसो कित्याक बसलो असतो?"

हवालदाराने जबाब साच्यात उतरवला. नियमाप्रमाणे मी तो तिला वाचून दाखवायला घेतला. घाटकोपरच्या त्या चौघांना मी त्यांचे जबाब वाचून दाखवले नव्हते. घाई होती, त्यांनी मान हलवली, मी सही केली. न्यायालयावरचा राग माझा गेलेला नाही, पण ही गोष्ट मी आजवर कुठे बोललो नव्हतो.

"मी मुलांना प्रेमाने सांभाळते," मी वाचलं.

मावशीने हात वर केला. "थांबा साहेबानू. असा मी खंय सांगलंय? मी ओरडतंय पण. ता पण लिवा."

मी हवालदाराकडून पेन घेतलं आणि ती ओळ खोडून तिची ओळ माझ्या हाताने लिहिली.