बाबा आणि बायकांची गोळी

माझे बाबा झाशीतल्या एका शाळेत पीटीचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी गच्चीवर उघड्या अंगानं जोर काढायचे. एकदा चहा घेऊन वर गेलेल्या आईला त्यांच्या छातीचं डावं बोंड आत ओढलेलं दिसलं.

"अहो, हे काय?"

"काही नाही गं. ताणलं असेल."

आईनं बोटानं दाबून पाहिलं. आत चिंचोक्याएवढी टणक गाठ होती. त्याच दिवशी ती आणि मी त्यांना घेऊन एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो आणि तिथून इलाइट चौराह्यावर मॅमोग्राफीला, म्हणजे छातीच्या एक्स-रेला. तिथल्या माणसानं बाबांना दारातच अडवलं, "भाईसाहब, यहाँ लेडीज़ बैठती हैं."

बाबांचा चेहरा उतरला. "मरीज़ मैं ही हूँ," ते पुटपुटले.

बाकावरच्या बायका वळून बघायला लागल्या. मग त्यांतली एक सरकून बसली. "आइए दादा, बैठिए. पहली बार है? हमारी तो तीसरी है." बाबांचा नंबर लागेपर्यंत तिनं त्यांना मशीन कसं दाबतं, श्वास कधी धरायचा, सगळं शिकवून टाकलं. आयुष्यभर दुसऱ्यांना श्वास धरायला शिकवणारे बाबा निमूट ऐकत होते.

गाठ कॅन्सरची निघाली. ऑपरेशन झालं, डावी छाती काढली. ते दिवस कसे गेले ते मी सांगत बसत नाही. त्यानंतर एक रिपोर्ट आला. त्यावर लिहिलं होतं, इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह. पॉझिटिव्ह म्हटल्यावर आईला वाटलं, आजार पुन्हा आला.

डॉक्टरीणबाई मात्र हसल्या. "ही चांगली बातमी आहे," असं त्या हिंदीत म्हणाल्या आणि त्यांनी कागदावर पेशीचं चित्र काढलं. पेशीच्या आत रिसेप्टर नावाचं एक प्रथिन असतं. रक्तातून आलेलं इस्ट्रोजेन त्याला चिकटलं, की ते जनुकांवर जाऊन बसतं आणि पेशीला वाढायला, दुभागायला लावतं. बाबांच्या गाठीतल्या पेशींत असे रिसेप्टर खच्चून भरले होते. आता रोज एक गोळी घ्यायची. ती इस्ट्रोजेनच्या आधी त्या जागेवर जाऊन बसते. मग कुठे उरलीसुरली पेशी असलीच, तर तिला वाढायचा हुकूमच मिळत नाही. ज्यांच्या गाठीत रिसेप्टर नसतात त्यांना या गोळीचा उपयोग नाही.

"पर डॉक्टर साहब, मर्द में औरतों का हार्मोन?" बाबा दुखावल्यासारखे म्हणाले.

"सब मर्दों में होता है, मास्टरजी. आपकी ये मज़बूत हड्डियाँ उसी की देन हैं."

बाबांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मीही ओशाळले. सिव्हिल लाइन्समधल्या मुलींच्या शाळेत मी जीवशास्त्र शिकवत होते आणि इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं, असं फळ्यावर बेधडक लिहीत आले होते. दुसऱ्याच दिवशी वर्गात मी ते दुरुस्त केलं.

गोळी सुरू होऊन महिना झाला नसेल. जेवताना बाबा एकदम लालबुंद झाले, कपाळावरून घाम ओघळायला लागला. त्यांनी ताट सरकवलं. "अगं, मला काहीतरी होतंय! आतून भट्टी पेटलीय."

आईनं शांतपणे वाटीत आमटी वाढली. "मानेवरून वर चढतं? मग गार पडतं?"

"हो! तुला कसं माहीत?"

"पाळी गेली तेव्हा चार वर्षं काढलीत मी. तुम्ही म्हणायचात, मनाचे खेळ आहेत, प्राणायाम कर."

मी समजावलं, की अंगाचं तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतल्या जागेलाही इस्ट्रोजेनचा निरोप लागतो. वयानं तो कमी झाला किंवा गोळीनं अडवला, की अशी झळ उठते. बाबांनी माझं अर्धंच ऐकलं. ते आईकडेच बघत होते.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "खरंच चुकलं."

आई एवढी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबाही हसायला लागले. त्या दिवसापासून आईच बाबांची मास्तर झाली. बाबांना झळ आली की ती ओला नॅपकिन आणून द्यायची आणि झळ वाढवणारा दुपारनंतरचा चहा तिनं बंदच करून टाकला.

दोन वर्षांनी डॉक्टरीणबाईंनी बाबांना एक विनंती केली. झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावातल्या एका धान्यव्यापाऱ्याला हाच आजार झाला होता. ऑपरेशन झालं होतं, पण बायकांची गोळी आपण घेणार नाही म्हणून तो अडून बसला होता. त्याच्या बायकोनंच मदत मागितली होती. बाबा मला घेऊन बसनं मोठला गेले.

व्यापारी गादीवर पाठ फिरवून बसला होता. बाबा त्याच्या शेजारी जाऊन बसले. त्यांनी शर्टाची बटणं सोडली आणि छातीवरचा लांब व्रण उघडा केला. तो माणूस वळला, बघत राहिला. मग त्यानं हळूच विचारलं, "दवा से मूँछ तो नहीं झड़ती?"

"मेरी देख लो," बाबांनी आपल्या पांढऱ्या झुपकेदार मिशीला पीळ दिला. "खींच के देख लो!"

त्यानं खरंच ओढून पाहिली. दोघं म्हातारे खो-खो हसत सुटले. आतून त्याची बायको पाण्याचा पेला आणि गोळी घेऊन आली, आणि त्यानं आमच्यासमोर ती गिळली.

बाबांची गोळी पाच वर्षांनी थांबली. तपासण्या चांगल्या येत राहिल्या. मोठचे काकाही खुशाल आहेत. दर हिवाळ्यात ते स्वतः मटारचं पोतं घेऊन आमच्या घरी येतात. मग ते आणि बाबा अंगणात उन्हात शर्ट काढून बसतात आणि मटार सोलता सोलता कोणाचा व्रण लांब, यावर भांडतात.