सुकेळी कंपनीला दिली त्या वर्षी

त्या कंपनीचं नाव आजही कुठे छापलेलं दिसलं की माझं डोकं सणकतं. बायको म्हणते, अहो, किती वर्षं झाली त्याला. झाली असतील. नोकरीतून मी रिटायर होईन, रागातून नाही.

सांडोरला सासऱ्यांची राजेळी केळीची वाडी होती. पिकलेली केळी सोलून आठ-आठ दिवस उन्हात वाळवायची, रोज संध्याकाळी गोळा करून झाकायची, सकाळी पुन्हा पसरायची आणि शेवटी वाळक्या पानांत बांधायची. ही सुकेळी न्यायला दरवर्षी ठरलेली घरं यायची. त्या घरांना कमी पडू नये आणि वाडी चालत राहावी, यापलीकडे सासऱ्यांना धंद्याकडून काही नको होतं.

मला हे फार मागासलेलं वाटायचं. मी बी.कॉम., सेकंड क्लास, मनवेलपाड्यात वन रूम किचनचा मालक. म्हणजे जवळजवळ उद्योगपतीच. नव्वदीचं दशक होतं, 'ग्रोथ' हा शब्द मी चहाबरोबर खायचो. पाकीटबंद फराळ विकणाऱ्या एका कंपनीचा अधिकारी ओळखीतून भेटला, तेव्हा मीच त्याला वाडीवर नेलं. त्याने सगळीच्या सगळी सुकेळी मागितली. भावात घासाघीससुद्धा केली नाही. तिथेच मला संशय यायला हवा होता. मला आला अभिमान.

"आणि आपली माणसं?" सासऱ्यांनी विचारलं.

"मामा, त्यांना मिळेल की दुकानात," मी म्हणालो.

जावयाचं ऐकायची वाईट खोड त्यांना होती. भाजीचे वाफे मोडून त्यांनी तिथेही राजेळी लावली. ठरलेली घरं आली, तेव्हा त्यांना रिकाम्या पिशव्यांनिशी परत पाठवायचं काम सासूबाईंवर पडलं. मी तेव्हा ऑफिसात होतो, सोयीने.

नवी केळी घडावर येईतो दीड वर्ष गेलं. तोवर कंपनीत नवा साहेब आला आणि त्याने सुकेळी घेणंच बंद केलं. मी तणतणत त्या अधिकाऱ्याकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "तेव्हा आम्हाला दुकानांत शिरायचं होतं. सुकेळी वेगळी वस्तू, दुकानदार कौतुकाने ठेवून घ्यायचे. आता शिरलोय. आता नफा बघायचाय, आणि हाताने केलेल्या मालात तो कुठे?"

म्हणजे सासूबाईंनी उन्हात पाठ भाजून केलेली सुकेळी कुणी खाल्ली काय, दुकानात किडली काय, यांना सारखंच! आणि संताप याचा, की तो माणूस खोटं बोललाच नव्हता. तुम्हाला हे कशासाठी हवंय, एवढं या बी.कॉम.ने विचारलंच नव्हतं.

मग जुन्या घरांच्या पायऱ्या मीच झिजवल्या. बहुतेकांनी भुईगावात दुसरी सोय लावली होती. एका काकूंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "आम्ही कसले गिऱ्हाईक बाबा, तुमच्याकडे आता कंपन्या येतात." तो चहा अजून घशात आहे.

त्या वर्षी वाडीत सुकेळी वाळलीच नाही. सासऱ्यांनी हिरवेच घड वेफर्सवाल्याला दिले. टेम्पो आला त्या दिवशी मी हजर होतो. ते मला चार शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "जावईबापू, सावलीत बसा. चिकाचा डाग कपड्यावरून जात नाय."

मी तिरमिरीत सगळ्यात मोठा घड खांद्यावर घेतला. टेम्पोपर्यंतही नेता आला नाही. अर्ध्या वाटेत सासऱ्यांनीच येऊन तो माझ्या खांद्यावरून उतरवून घेतला.