आत्याने आखलेले पाच थांबे

माझी आत्या तीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर माझ्या गाडीतून दूरच्या शहरात लेकीकडे जायचं ठरलं, तेव्हा नकाशा तिनेच ताब्यात घेतला. आठ तासांच्या हायवेवर तिने पाच थांबे आखले.

"एवढे कशाला?" मी विचारलं.

"इंजिन तापतं रे," ती साळसूदपणे म्हणाली.

पहिल्याच गावात तिने मला एका घरासमोर थांबवलं. दार उघडणारी म्हातारी आमच्याकडे अनोळखी नजरेने बघत राहिली.

"कोणता नंबर जोडू, बाई?" आत्याने विचारलं.

"अगं भवाने, तू!" म्हातारी किंचाळलीच.

तीही ऑपरेटरच होती; आपापल्या गावच्या एक्स्चेंजमधून वर्षानुवर्षं तारेवर गप्पा मारणाऱ्या दोघी आज पहिल्यांदाच भेटत होत्या. उरलेल्या चार गावांतही आत्याच्या अशाच मैत्रिणी होत्या. मी मुकाट्याने आत्येबहिणीला फोन लावला, "आम्ही आज काही पोचत नाही."