दुसऱ्याच्या इंजिनावर चंदगड

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रीनं आमच्या छोट्या गाडीची ऑइलची काडी ओढून बाहेर काढली, तिच्या टोकाचा थेंब बोटावर घेतला आणि बोट माझ्या नाकासमोर धरलं.

"सर, चहा झालाय बगा."

खरंच चहा होता. दुधाळ, तांबूस, वर थोडा फेस. ब्लॉकला चीर जाऊन पाणी ऑइलमध्ये शिरलं होतं. इंजिन संपलं होतं. मी शाळेत इतिहास शिकवतो आणि गॅदरिंगची नाटकं बसवतो, त्यामुळे अशा प्रसंगी दोन पावलं मागं जाऊन कपाळाला हात लावणं मला आपोआप जमतं. मिस्त्रीनं माझा अभिनय संपेपर्यंत बोट पुसून घेतलं.

"रडू नगा. दुसरं बसवूया की."

दुसरं म्हणजे दुसऱ्या गाडीचं. त्याच कंपनीच्या, पण आमच्यापेक्षा जरा थोराड गाडीचं. त्या गाडीला मागून ट्रकनं धडक दिली होती. "मागनं चपाती झालीय, पुढं खरचटलंसुदिक न्हाय," असं मिस्त्री म्हणाला. अशी इंजिनं त्यानं कितीतरी बसवली होती. मी विचारलं, टिकतात का? तेव्हा त्यानं पाना खाली ठेवून मला समजावलं, "इंजिनाचं काय न्हाय सर. इंजिन बसतंय. त्याच्या भवतीचं गणगोत जुळायला वेळ लागतोय."

गणगोत म्हणजे पाइपा, वायरी, रबरी बैठका, सेन्सर. माझा त्याच्यावर तिथल्या तिथं विश्वास बसला. बायकोचा बसला नाही.

तिची बाजूही खरी होती. पेठ वडगावचा एक लांबचा पावणा आमच्या गाडीवर टपून बसला होता. त्याची रोपवाटिका आहे. त्याला रोपं पोचवायला गाडी हवी होती, आहे त्या अवस्थेत, लगेच. देऊन टाकावी आणि मोकळं व्हावं, असं तिचं मत. मला ती द्यायची नव्हती. याच गाडीतून आम्ही लेकीला दवाखान्यातून घरी आणलं. याच गाडीच्या टपावर पुठ्ठ्याचं सिंहासन बांधून मी दर वर्षी रंकाळ्यावरून शाळेत जातो आणि लोक बाजूला होऊन वाट देतात. असलं वाहन रोपांना द्यायचं?

"अहो, माणसाला दुसऱ्याचं काळीज बसवलं तर डॉक्टर त्याला डोंगर चढायला सांगतात का?" बायकोनं विचारलं.

"सांगतात की. हळूहळू."

"मग बसवा. आणि चंदगडला चला, माझ्या आईकडं. वाटेत बंद पडली नाही तर ठेवू. बंद पडली तर पेठ वडगाव."

तिनं 'पेठ वडगाव' असं उच्चारलं, की मला फाशीचा दोर आणि फळी दिसली.

पुढं परवानगीचे कागद झाले, इंजिन बसलं, आरसीवर इंजिनाचा नवा नंबर चढला आणि जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी आम्ही दोघंच निघालो. बायको शेजारी, तिच्या मांडीवर डबा. ती नुसती इंजिनाचा आवाज ऐकत होती. रेडिओही लावू देईना. कागल गेलं. इंजिन असं चाललं होतं, की जणू याच गाडीत जन्माला आलं होतं. मी मधूनच पाय थोडा जास्त दाबायचो आणि गाडी हुशार पोरीसारखी पुढं व्हायची. "बघितलंस?" मी म्हणायचो. "रस्त्याकडं बघा," ती म्हणायची.

मुरगूडला तिचे मामा राहतात. त्यांना ओलांडून जाणं म्हणजे पुढची दहा लग्नं टोमणे खाणं. म्हणून चहापुरतं थांबलो, आणि इथं माझ्यातला नट जागा झाला. मामांनी "जावईबापू, इंजिन बदललं म्हणं?" एवढंच विचारलं. मी बॉनेट उघडलं. पडदा वर जावा तसं उघडलं. शेजारच्या गोठ्यातनं दोघं आले, डेअरीत दूध घालून परतणारा एक थांबला, आणि मी भाषण सुरू केलं.

मामांनी जन्मभर विहिरीवरची इंजिनं स्वतः खोललीत. ते भाषण ऐकत नव्हते, आत बघत होते. एकाएकी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही वायर अशी का लोंबतीया?"

"तशीच दिलीय मिस्त्रीनं."

"आळशी हाय तुमचा मिस्त्री. लोंबतंय ते तुटतंय. थांबा."

ते आत गेले आणि सुतळी घेऊन आले. ती लोंबती वायर त्यांनी ताणून घेतली, बॅटरीच्या पट्टीला गुंडाळली आणि अशी गाठ मारली, की बैलानंही हार मानावी. मग दोन पावलं मागं सरकून म्हणाले, "आता कसं, नीटनेटकं." जमलेल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. खोटं कशाला सांगू, मला ते फार देखणं वाटलं.

आजरा गेलं. चंदगडच्या बाजूची चढण सुरू झाली. दोन्हीकडं काजूची झाडं, समोर वळण. मी गिअर खाली घेतला, इंजिनानं जोर लावला, अंग हलवलं आणि गप्प झालं. खोकलं नाही, धापलं नाही. वाक्याच्या मधेच कुणी माइकची पिन काढावी तसं गप्प. मी गाडी कडेला घेतली. किल्ली फिरवली. घर्र घर्र होई, पुढं काही नाही. मागून आलेल्या एसटीनं भलामोठा हॉर्न दिला आणि खिडकीतल्या बाया आमच्याकडं मान वळवून बघत गेल्या.

बायको समोर बघत म्हणाली, "पेठ वडगाव."

मी मिस्त्रीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सगळं ऐकून त्यानं एकच विचारलं.

"आत हात कुणी घातला?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"मामांनी," बायको म्हणाली. "सुतळीनं वायर बांधली ताणून."

पलीकडं त्यानं ओरडून कुणाला तरी ग्राइंडर बंद करायला लावला.

"वैनी, ती वायर मी मुद्दाम सैल ठेवली हुती. इंजिन चढाला हलतंय. वायरीला बी हलाय जागा पायजे. ताणली की सेन्सरची पिन निघती. सुतळी कापा आणि पिन टक्कन आवाज येस्तवर दाबा."

मी बॉनेट उघडून हात घातला. माझा पंजा मनगटापाशीच अडकला. बायकोनं मला बाजूला सारलं, पर्समधून नेलकटर काढलं, सुतळी कुरतडून तोडली आणि बांगड्या कोपरापर्यंत सारून हात आत घातला. टक्क. तो आवाज मला आजही ऐकू येतो. मग ती फोनकडं वाकली.

"इंजिन चांगलं हाय का? खरं सांगा."

"वैनी, इंजिन तुमच्या-माझ्या मागं चालंल. तेवढं सरांना आवरा."

मी लगेच वकिली सुरू केली. इंजिन बंद पडलंच नव्हतं, पिन निघाली होती. पिन म्हणजे इंजिन नव्हे. शिवाय गुन्हा माहेरच्या माणसाचा—

"वकिली पुरे," ती म्हणाली. "सरका तिकडं."

ती स्टिअरिंगवर बसली. लग्नानंतर शिकली होती, लायसन होतं, पण माझ्या शेजारी बसून मी चालवताना ऐकण्यातच तिची वर्षं गेली होती. पहिल्याच किल्लीला गाडी चालू झाली. चढ तिनं दुसऱ्या गिअरमध्ये एका दमात घेतला. पुढच्या वळणानंतर सरळ रस्त्यावर, थांब्यावर बराच वेळ खोळंबून निघालेली मघाची एसटी दिसली. तिनं हॉर्न दिला, अजून एकदा दिला आणि एसटीला मागं टाकलं. त्या बाया पुन्हा बघत होत्या. ती चक्क हसत होती. मी मांडीवर डबा धरून गप्प बसलो होतो, आणि माझ्या लक्षात आलं, की हे थोराड इंजिन चढाला किती ओढतंय हे मला कधी नीट जाणवलंच नव्हतं. मी सारखा बोलत होतो ना.

सासूबाई अंगणात आल्या. त्यांनी आधी आपल्या लेकीकडं बघितलं, मग ती उतरली त्या स्टिअरिंगकडच्या दाराकडं, मग माझ्याकडं.

"जावयांना बरं न्हाय काय?"

"बरे हाईत," बायको म्हणाली आणि उभ्या उभ्याच पेठ वडगावला फोन लावला. मी पायरीवर चप्पल काढता काढता थांबलो.

"पावणं, गाडीचं विचारत होता न्हवं? न्हाय द्यायची... न्हाय हो, त्यांच्यासाठी न्हाय. मला लागतीया."

तिनं फोन ठेवला आणि किल्ली पर्समध्ये टाकून चेन ओढली. आतून फणसाच्या पानातल्या इडल्यांचा वास येत होता. मी हातपाय धुवायला गेलो.