म्हसवडच्या तंबूतला दुभाषा

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — मलाही नीट कळत नाही.

लढाईचे दिवस. पलटणींना घोंगडी हवी होती. ती माणदेशातल्या धनगरांकडून थेट घ्यायची, की परवानेवाल्या व्यापाऱ्यांमार्फत, हे सरकार ठरवणार होतं. मी सांगलीच्या व्यापारी मंडळाचा चिटणीस. साहेबलोकांचे उंबरे झिजवणं हेच माझं काम — अर्ज, मेजवान्या, दिवाळीच्या भेटी. अखेर एक गोरा अधिकारी चौकशीला म्हसवडला आला. त्याचा दुभाषा आजारी पडला, आणि मंडळाने लगेच मला पुढे केलं.

तंबूत धनगरांच्या बाजूने बायजाबाई उभी राहिली. मी साहेबाच्या बुटांकडे बघत बोलायचो. तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"सायब, मेंढरं आमची, लोकर आमची, माग आमचं. मग मधी ह्यो शेट कशापायी?"

काय तो आवाज! व्याख्यानं पुष्कळ ऐकली मी — इतकं लख्ख बोलणं नाही ऐकलं.

आणि इंग्रजीत मी काय सांगितलं? — बाई म्हणते, व्यापारी आमचा आधार आहेत, त्यांच्यामार्फतच घ्या.

साहेबाने मान डोलावली. तिला वाटलं, पटलं त्याला. मी मंडळाचा माणूस, हे तिला ठाऊक नव्हतं; बाहेर येऊन तिने मला हात जोडले.

हुकूम आम्हाला हवा तसाच निघाला. मग ती सांगलीला माझ्या दारात आली.

"भाऊ, सायबानं मान डोलावली हुती न्हवं?"

"गोऱ्यांचा काय भरवसा, बाई!" मी म्हणालो. तेव्हा तरी खरं बोलता आलं असतं — नाही का?

ती रडली नाही. माघारी जाऊन वस्तीवस्तीवर फिरली. परवानेवाल्याला एक घोंगडं द्यायचं नाही, असं सगळ्यांकडून कबूल करून घेतलं. कण्या खाऊन दिवस काढले त्या लोकांनी, पण व्यापाऱ्यांच्या गाड्या रिकाम्याच परतल्या. शेवटी सरकारनेच आपला माणूस म्हसवडच्या बाजारात बसवला आणि थेट खरेदी सुरू केली. एका बाईने आमचं अख्खं मंडळ हरवलं — आणि मला, खरं सांगतो, मनातून आनंद झाला.

पुढे त्या बाजारात मी तिला दिसलो. तिने हाताला धरून मला चारचौघांत नेलं.

"सायबाफुडं आमची बाजू ह्यांनी मांडली. लय मोठा माणूस."

कुणीतरी फेटा आणला.

मी मान पुढे केली.