शिट्टी न झालेला रविवार

रविवारी सकाळी साडेतीनशे रुपयांचं चिकन आणलं. घरात मी, बायको सुधा आणि मुलगी सई. मला सकाळपासून सणासारखा उत्साह होता. सईने चिकन, लसूण आणि चीज विजेवर मंद शिजवणाऱ्या नव्या स्लो कुकरमध्ये घातलं. "आई, चार तास झाकण उघडायचं नाही. तुला सुट्टी."

"शिट्टीच नाही, तर शिजलेलं कळायचं कसं?" सुधा पेपर घेऊन बसली, पण कान ओट्याकडेच. इतकी वर्षं शिट्ट्या मोजताना तिने एकही बातमी सलग वाचली नसेल. कान कुणालातरी द्यावाच लागतो, आणि तो कुणाचा हे आपण विचारत नाही.

दुपारी घरभर वास सुटला. सईने पास्ता आणि क्रीम मिसळून जेवायला हाक मारली.

"थांब गं," सुधा पेपरातूनच म्हणाली, "एवढं पान संपू दे."

संध्याकाळी पेपरवाल्याला महिन्याचे पैसे मी आनंदाने दिले.